सुपरहीरो पुतळे व त्यांचे रंगकाम
कॉमिक्समधील महानायकांच्या, संग्राहकांसाठी मर्यादित संख्येत ओतलेल्या व रंगवून विकल्या जाणाऱ्या स्थिर प्रतिमा. सांधे हलणारी ‘ॲक्शन फिगर’ आणि घेणाऱ्याने स्वतः जोडून रंगवायचे ‘किट’ यांना सहसा या संज्ञेत धरत नाहीत. सीमारेषा मात्र पक्की नाही. आकार प्रमाणाने सांगतात. सहा फुटी पात्राचा १:६ पुतळा सुमारे ३० सेंमी., तर १:४ पुतळा सुमारे ४६ सेंमी. उंच भरतो. छातीपर्यंतच्या प्रतिमेला ‘बस्ट’ म्हणतात.

उगम : याबद्दल एकमत नाही. सुपरमॅन १९३८ मध्ये छापील पानावर अवतरला आणि त्यानंतर लवकरच त्याची लाकडी सांध्यांची बाहुली बाजारात आली. पण ते उघडच खेळणे होते. १९४२च्या सुमारास सिराक्यूज ऑर्नामेंटल कंपनीने लाकडाच्या भुशाच्या मिश्रणातून सुपरमॅनची वीतभराहून लहान मूर्ती काढली. काही जण तिलाच पहिला पुतळा मानतात. ती प्रचारासाठी होती, संग्रहासाठी नव्हे, हा त्यावरचा आक्षेप. १९६०च्या दशकातील ऑरोरा कंपनीच्या प्लॅस्टिक किटपासून परंपरा मोजणारेही आहेत, मात्र त्यांत रंग देण्याचे काम घेणाऱ्याकडेच असे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस केवळ कॉमिक्स विकणारी दुकाने स्थिरावली, ग्राफिटी डिझाइन्ससारख्या संस्था आणि रँडी बोवेनसारखे शिल्पकार पुढे आले व १९९८ मध्ये डीसी कॉमिक्सच्या संग्राह्य वस्तू काढणाऱ्या डीसी डायरेक्टची स्थापना झाली. खरी सुरुवात येथून धरणे अधिक सयुक्तिक वाटते, कारण मर्यादित आवृत्ती, तळाशी क्रमांक आणि शिल्पकाराचे नाव या तिन्ही गोष्टी एकत्र रुळल्या त्या याच काळात.

साहित्य व कृती : बहुतेक पुतळे पॉलिस्टोनचे, म्हणजे दगडाची पूड मिसळलेल्या पॉलियुरेथेन रेझिनचे असतात. पोर्सिलेनची पूड घातली की त्याला ‘कोल्ड कास्ट पोर्सिलेन’ म्हणतात. भट्टीशी त्याचा संबंध नाही. स्वस्त मालिकांत पीव्हीसी वापरतात. मूळ शिल्पावरून सिलिकोनचा साचा घेतात. तो काही डझन ओतीवांनंतर झिजतो व बारकावे बोथट होतात. रंगाचा नमुना एक कलावंत तयार करतो आणि कारखान्यात त्याबरहुकूम शेकडो प्रती रंगवल्या जातात. मोठे भाग एअरब्रशने (हवेच्या झोताने रंग फवारणाऱ्या साधनाने), कडा बाजूचा भाग झाकणारे ‘मास्क’ लावून, सुरकुत्यांतील सावली पातळ रंगाच्या ‘वॉश’ने आणि उंचवटे कोरड्या कुंचल्याने करतात. शिल्पकाराचे नाव खोक्यावर असते, नमुना रंगवणाऱ्याचेही बहुधा असते. कारखान्यातील रंगाऱ्यांची नोंद कोठेच नसते. दोष निघाला की मात्र पहिले बोट त्यांच्याकडेच जाते.

‘मूळ रंग’ कोणता? : संग्राहकांमधील बहुतेक वाद येथे येऊन पोहोचतात. जुनी कॉमिक्स निळसर, किरमिजी, पिवळ्या व काळ्या शाईत, रद्दी दर्जाच्या कागदावर छापली जात आणि रंगछटा मोजक्याच असत. काळी शाई रेषांसाठी राखलेली असल्याने काळ्या वस्तूवरची चमक निळ्याने दाखवत. त्यामुळे बॅटमॅनचा अंगरखा निळा की निळ्या चकाकीचा काळा, हा प्रश्न सुटत नाही. स्पायडरमॅनच्या १९६२च्या पोशाखाचेही तेच. त्याचा पहिला चित्रकार स्टीव्ह डिटको याच्या रेखाटनातील दाट काळे भाग पाहता तो लाल-काळा असावा असे एक मत आहे. छापील निळा शब्दशः घेणारे तो लाल-निळा मानतात. पुढील चित्रकारांनी निळा वाढवत नेला हे खरे, परंतु सुरुवातीच्या अंकांपुरते पहिले मत अधिक टिकाऊ दिसते.

हल्कचे उदाहरण याहून बोलके आहे. १९६२च्या पहिल्या अंकात तो करडा होता. करडा रंग तीन शायांच्या ठिपक्यांतून साधावा लागे. एखादी शाई किंचित जड झाली की पानापानाला छटा बदले, कोठे ती हिरवटही होई. दुसऱ्या अंकापासून त्याला हिरवाच केला. करडा हल्क कथेत १९८६ मध्ये परतला, म्हणून आज एकाच साच्यातून दोन्ही रंगांचे पुतळे निघतात. छपाईतील अडचणीचे अशा रीतीने ‘व्हेरियंट’मध्ये, म्हणजे त्याच पुतळ्याच्या वेगळ्या आवृत्तीत, रूपांतर झाले. सिल्व्हर सर्फर पानावर बहुतांशी पांढरा, फिकट निळ्या सावलीचा असे. त्याच्या पुतळ्याला आरशासारखा क्रोम मुलामा द्यावा की मोतिया रंग, यावर मतभेद आहेत. क्रोममध्ये शिल्पाचे स्नायू प्रतिबिंबांत हरवतात, ही तक्रार रास्त आहे.

सावल्या रंगवाव्यात का, हाही मुद्दा आहे. पानाशी इमान राखणाऱ्यांना सपाट रंग हवे असतात. चित्रपटांवर वाढलेल्यांना कापडाचा पोत, धूळ, ओरखडे. डीसी डायरेक्टने ‘ब्लॅक अँड व्हाइट’ बॅटमॅन मालिकेत रंगच काढून वाद बाजूला ठेवला. त्या मालिकेत प्रत्येक पुतळा एकेका चित्रकाराच्या शैलीवर बेतलेला असल्याने रेषा आणि आकारच बोलतात.

दोष व पारख : संग्राहक आधी डोळे पाहतात. १:६ पुतळ्यात बुबुळ जेमतेम २ मिमी.चे, बाहुली अर्ध्या मिलिमीटरने सरकली तरी महानायक तिरळा दिसतो. म्हणून पुष्कळदा डोळे हाताने न काढता सिलिकोनच्या गादीने छापतात. त्यानंतर पट्टा आणि पोशाख यांच्या कडेवर एका रंगाचे दुसऱ्यात उतरणे, ओव्हरस्प्रेचे (नको तेथे उडालेल्या फवाऱ्याचे) धूसर कण, लपवलेली साच्याची शिवण, आणि सुट्या हाताच्या खोबणीशी घासून उडालेला रंग तपासतात. जाहिरातीतील छायाचित्र नमुन्याचे असते, हातात येते ती प्रत. निम्मी नाराजी यातूनच येते.

जतन : उन्हात लाल रंग फिका पडतो आणि रेझिन पिवळसर होते, पांढऱ्या पोशाखावर ते आधी उघड होते. पीव्हीसीमधील मृदुकारक द्रव्य वर येऊन पृष्ठभाग चिकट होतो. मऊ ब्रशने धूळ काढावी; अल्कोहोल असलेला द्रव लावल्यास रंग सुटू शकतो. पुन्हा रंगवलेल्या प्रतीची किंमत सामान्यतः घटते, काम मूळापेक्षा सरस असले तरी.