लोकल अ‍ॅनेस्थेशिया : जागा बधिर करायचं इंजेक्शन

शरीराचा एखादाच भाग काही वेळापुरता बधिर करायचा आणि माणूस मात्र पूर्ण शुद्धीत ठेवायचा, ह्याला लोकल अ‍ॅनेस्थेशिया म्हणतात. केळीचं पान कापताना विळा लागला न् टाके घालायचेत, गळू फोडायचंय, दाढ काढायचीय, मोतीबिंदू आहे, अशा कामांना धुळे-जळगाव-नंदुरबारकडच्या छोट्या दवाखान्यातसुद्धा हेच वापरतात. औषध बहुतेक वेळा लिग्नोकेन, जास्त वेळ टिकायला हवं असेल तर बुपिवाकेन.

दुखणं मेंदूपर्यंत जातं ते नसेतून, विजेच्या बारीक लहरीसारखं. नसेच्या पडद्यात सोडियमची दारं असतात, ती उघडली की सोडियम आत घुसतो, लहर तयार होते आणि पुढेपुढे सरकत मणक्यातून वर जाते. लिग्नोकेन पडदा ओलांडून नसेच्या आत शिरतं आणि ह्या दारात आतल्या बाजूने जाऊन बसतं, मग सोडियम आत येत नाही आणि लहर तिथेच थांबते. जखम तशीच असते, सूज पण तशीच, फक्त वर काही कळत नाही. औषध हळूहळू रक्तात वाहून गेलं की नस पुन्हा पहिल्यासारखी चालू होते.

दुखणं आणि गरम-थंड नेणाऱ्या नसा बारीक असतात, त्या आधी बंद पडतात, दाब कळवणाऱ्या जाड नसा उशिरा किंवा अर्धवट. म्हणून दाढ काढताना ओढल्यासारखं, दाबल्यासारखं जाणवतं आणि पेशंट घाबरतो की इंजेक्शन चढलंच नाही. डॉक्टर "दुखस का?" विचारतात तेव्हा नुसतं दाबल्यासारखं वाटतंय की खरंच कळ येतेय हे नीट सांगावं, आणि कळ येत असेल तर दात दाबून सहन करत बसू नये, थांबून अजून औषध देता येतं.

पण कधीकधी इंजेक्शन खरंच कमी चढतं आणि त्याचं मोठं कारण पू. औषधाचा जो विद्युतभार नसलेला भाग असतो तोच पडद्यातून आत जाऊ शकतो, आणि पू झालेली जागा आम्लधर्मी असल्यामुळे हा भाग तिथे फार कमी उरतो. म्हणून सुजलेल्या दाढेला डेंटिस्ट कधी आधी पू काढतात, कधी लांबून मुख्य नसेलाच बधिर करतात. गुटखा खाऊन ज्यांचं तोंड उघडेनासं झालंय त्यांना खालच्या जबड्याचं हे इंजेक्शन देणं पण अवघड होऊन बसतं, कारण सुई पार मागे न्यावी लागते.

शेतकऱ्यांच्या घरात माहीत असावी अशी गोष्ट म्हणजे विंचू. विंचवाच्या विषातले काही घटक हीच सोडियमची दारं लवकर बंद होऊ देत नाहीत, नस सारखी पेटलेली राहते आणि माणूस रात्रभर तळमळतो. लिग्नोकेन त्याच दारांवर उलटं काम करतं, म्हणून दंशाच्या जागी ते टोचलं की कळ उतरते. मात्र त्याने फक्त कळ जाते, विष नाही. लाल विंचू चावल्यावर घाम, उलट्या, हातपाय गार पडणं सुरू झालं तर ते हृदयाचं प्रकरण आहे, तिथे प्राझोसिन नावाचं औषध लागतं (महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं काम ह्यातच आहे), आणि मंत्र-झाडपाल्यात वेळ घालवला तर जीव जाऊ शकतो.

इतिहास थोडक्यात असा. 1884 साली व्हिएन्नात कार्ल कोलर ह्यांनी डोळा बधिर करायला कोकेन वापरलं, 1898 मध्ये जर्मनीत ऑगस्ट बीअर ह्यांनी तेच मणक्यात दिलं. पण कोकेनचं व्यसन लागतं, म्हणून दुसरी औषधं शोधणं चालू राहिलं आणि 1943 मध्ये स्वीडनच्या निल्स लोफग्रेन ह्यांनी लिग्नोकेन बनवलं. आपल्याकडे दाढेत लवंग धरतात त्यातलं युजेनॉल पण ह्याच दारांवर थोडंफार काम करतं.

सिझरला कमरेत देतात ते पण हेच तंत्र, औषध मणक्यातल्या पाण्यात सोडतात, आई जागी असते आणि बाळाचं रडणं स्वतः ऐकते. बीपी उतरू शकतं म्हणून सलाइन चालू ठेवतात. काहींचं डोकं दोन-तीन दिवस दुखतं, ते सुईच्या भोकातून पाणी झिरपल्यामुळे. पण "त्या इंजेक्शनमुळे कंबर कायमची गेली" हे जे घरोघरी ऐकायला मिळतं त्याला आधार नाही, बाळंतपणानंतर कंबर तशीही पुष्कळ जणींची दुखते.

डोसला मर्यादा आहे. साधं लिग्नोकेन एका वेळी 300 मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे 2 टक्केवाल्या बाटलीतलं फार तर 15 मिली, आणि वजन कमी असेल तर त्याहून कमी. अ‍ॅड्रेनलिन मिसळलं की रक्तवाहिन्या आकसतात, औषध जागेवर जास्त टिकतं, मर्यादा 500 पर्यंत जाते. औषध चुकून रक्तात जास्त गेलं तर ओठांभोवती मुंग्या, तोंडात लोखंडासारखी चव, कानात आवाज, मग झटके येतात, आणि बुपिवाकेन असेल तर हृदय बंद पडू शकतं, त्यावर 20 टक्के लिपिड इमल्शन (तेलाचं दुधाळ मिश्रण) शिरेतून देतात. म्हणून आधी कधी त्रास झाला असेल, हृदयाच्या किंवा लिव्हरच्या गोळ्या चालू असतील तर सुई टोचायच्या आधीच सांगायचं. आणि लहान पोराची दाढ काढली असेल तर बधिरपणा उतरेपर्यंत, साधारण दोन-तीन तास, त्याला खायला देऊ नये, पोरं ओठ चावून रक्त काढतात आणि त्यांना कळतसुद्धा नाही.