छपराला मारलेला स्प्रे फोम आणि अडकलेली घरविक्री: हे प्रकरण आलं कुठून

यूकेत घर विकायला काढलं, गिर्‍हाईक मिळालं, भाव ठरला आणि मग लेंडरचा (कर्ज देणार्‍या बँकेचा) सर्व्हेयर, म्हणजे घर तपासून किंमत ठरवणारा माणूस, आला, त्याने लॉफ्टच्या (छपराखालच्या माळ्याच्या) झाकणातून डोकं वर काढून टॉर्च मारला, वासे सगळे स्प्रे फोमखाली (छपराला आतून फवारलेल्या, फुगून बसणार्‍या थराखाली) गेलेले दिसले आणि व्हॅल्युएशनच्या रकान्यात शून्य पडलं. गेल्या काही वर्षांत असे किस्से इतके झालेत की रेडिंग, स्लाव, मिल्टन कीन्स वगैरे भागात जुनं सेमी-डिटॅच्ड घर बघायला जाणारे आपले मराठी लोकही आता पहिल्यांदा लॉफ्ट उघडायला सांगतात. पण बरेच जण हे सगळं घर उबदार ठेवायच्या (इन्सुलेशनच्या) २०२० च्या सरकारी सबसिडीपासून सुरू झालं असं धरून चालतात. ते तसं नाहीये, मुळं बरीच मागे आहेत.

या फोमचं मूळ रसायन पॉलियुरेथेन, ते १९३७ चं, जर्मनीत लेव्हरकुझेनला शोधलेलं, त्याबद्दल फार लिहायची गरज नाही. त्यापेक्षा १९७० च्या दशकातला कॅनडा जास्त महत्त्वाचा, कारण फोममुळे घराची विक्री अडकणं हा प्रकार तिथे आधीच होऊन गेलाय. १९७३ ला तेल महागलं, सरकारने इन्सुलेशनला पैसे दिले, लोकांनी भिंतींमध्ये युरिया-फॉर्मल्डिहाइडचा फोम भरून घेतला, मग त्यातून निघणार्‍या वायूच्या तक्रारी आल्या आणि डिसेंबर १९८० मध्ये त्यावर बंदी आली. पुढे मोजमापं झाली तेव्हा अशा घरांतली हवा बाकी घरांपेक्षा फारशी वेगळी नाही असं दिसलं, पण तोपर्यंत बाजाराचं मत बनून गेलं होतं, आणि घरविक्रीच्या करारात ‘या घरात तो फोम नाही’ असं विक्रेत्याकडून लिहून घ्यायची पद्धत त्यानंतर कितीतरी वर्षं चालू राहिली. तो फोम वेगळा, भीतीचं कारणही वेगळं, पण सरकारी पैसा, घाईघाईत झालेलं काम आणि नंतर विक्रीच्या वेळी मालकाच्या गळ्यात पडलेलं लोढणं हा क्रम तोच आहे.

यूकेतली गोष्ट खरी सुरू होते ती १९८०-९० च्या दशकांत, आणि तेव्हा विषय उष्णतेचा नव्हताच मुळी. जुन्या घरांवर स्लेट किंवा कौलं खिळ्यांनी ठोकलेली असतात, शंभर वर्षांत ते खिळे गंजतात आणि स्लेट एकेक करून खाली घसरायला लागते. अख्खं छप्पर उतरवून परत घालायचं म्हणजे मोठा खर्च, म्हणून आतून कडक फोम मारून स्लेट जागच्या जागी चिकटवून टाकायची युक्ती निघाली. हा क्लोज्ड-सेल फोम, वाळला की टणक होतो, पाणी-वाफ जवळपास आत-बाहेर जाऊ देत नाही. छप्पर काही वर्षं टिकायचं हे खरं, पण स्लेट, रिपा, वासे सगळं एकजीव होऊन बसायचं, एखादी स्लेट फुटली की आत शिरलेलं पाणी लाकूड आणि फोम यांच्या मधेच अडकायचं, आणि शेवटी छप्पर उतरवायची वेळ आलीच तर स्लेट परत वापरता येत नाही कारण ती फोमसकट तुटून निघते. त्या काळात सर्व्हेयर लोकांनी एक नियम मनाशी पक्का केला, की आतून फोम दिसला म्हणजे वरचं छप्पर आयुष्य संपत आलेलं असणार. आजच्या लेंडर्सच्या पॉलिसीतली फोमबद्दलची नाराजी बरीचशी या अनुभवातून आलीये, हे लक्षात ठेवलं तर पुढचं समजायला सोपं जातं.

नंतर ओपन-सेल फोम आला, मऊ, स्पंजसारखा, वाफ थोडीफार जाऊ देणारा. विकणार्‍यांनी तो ‘श्वास घेणारा फोम’ म्हणून विकला. आता आपल्याकडच्या कोकणातल्या कौलारू घरात कौलांच्या फटींतून वारा खेळता असतो म्हणून वासे कोरडे राहतात, इंग्रजी घराच्या थंड लॉफ्टचं तत्त्वही तेच: इन्सुलेशन खाली जमिनीवर पसरायचं, वर वळचणीतून वारा आत यायचा, आणि खालून बाथरूम-किचनमधून चढणारी वाफ तो घेऊन जायचा. फोम वाशांच्या मधे मारला की तो वारा बंद. घरातली दमट हवा फटींतून वर येते, फोमच्या मागच्या थंड बाजूला पोचते आणि तिथे पाणी सुटतं. त्यात जुन्या घरांत कौलांखाली डांबरी फेल्ट (जाड कागदासारखा थर) असतं, ते वाफ बाहेर सोडत नाही, मग फोमने कितीही श्वास घेतला तरी पुढे रस्ताच नाही. योग्य फेल्ट, खालून वाफ अडवणारा थर, नीट हिशोब, हे सगळं असेल तर काम चांगलं होऊही शकतं, आणि काही घरांत झालेलंही आहे. पण तो हिशोब प्रत्येक घराचा वेगळा करावा लागतो, दुपारपर्यंत दोन पोरं येऊन ड्रम रिकामा करून गेली असं ते काम नाही.

आणि एक गोष्ट मला कायम खटकते, ती म्हणजे साध्या लॉफ्टला याची गरजच काय होती. लॉफ्टच्या जमिनीवर २७० मिमी ग्लासवूल किंवा रॉकवूल (काचेच्या किंवा दगडाच्या तंतूंची गादी) घालावं असा तिथला नेहमीचा सल्ला. ओपन-सेल फोमची उष्णता अडवायची ताकद त्याच जाडीच्या वूलपेक्षा थोडीशीच जास्त, आणि वाशांची खोली जुन्या घरात साधारण १०० मिमी. म्हणजे तेवढ्यात फोम भरला तरी वूलच्या निम्मीही अडवणूक होत नाही, शिवाय वापरात नसलेला लॉफ्ट फुकट गरम करायचा. लॉफ्टमध्ये खोली काढायची असेल तर गोष्ट निराळी, पण ज्यांच्या दारात सेल्समन गेले त्यातल्या बहुतेकांचा तसा काही विचार नव्हता.

मग आलं २०२०. सप्टेंबरअखेर इंग्लंडमध्ये ग्रीन होम्स ग्रँट सुरू झाली, खर्चाचे दोन तृतीयांश, ५,००० पाउंडांपर्यंत, कमी उत्पन्नवाल्यांना १०,००० पर्यंत पूर्ण. ३१ मार्च २०२१ ला बंदही झाली, जेमतेम सहा महिने. काही छपरांत फोम या ग्रँटच्या पैशावर गेला, पण माझ्या मते जास्त नुकसान झालं ते योजनेच्या नावाने. ‘सरकारमान्य’ म्हणून फोन यायचे, दार वाजायचं, आणि समोर बहुतेक वेळा साठी-सत्तरीतले लोक. मग २०२२ ला गॅसचे भाव भडकले, ऑक्टोबरसाठी सर्वसाधारण घराच्या वर्षाच्या बिलाची मर्यादा ३,५४९ पाउंड जाहीर झाली (सरकारने मधे पडून ती २,५०० च्या आसपास रोखली), आणि घाबरलेल्या माणसाला इन्सुलेशन विकणं अजूनच सोपं झालं. मला वाटतं सरकारने पैसे वाटायच्या आधी लेंडर आणि सर्व्हेयर लोकांना समोर बसवून विचारायला हवं होतं की अशा घरावर तुम्ही लोन द्याल का. ज्या देशात बहुतेक घरं मॉर्गेजवर (घर गहाण ठेवून घेतलेल्या कर्जावर) विकली जातात तिथे हा प्रश्न पहिला यायला हवा होता.

आता मुख्य वाद, शून्य व्हॅल्युएशनचा. खूप जणांना वाटतं की शून्य म्हणजे घर कवडीमोल किंवा वासे कुजले. तसं अजिबात नसतं. सर्व्हेयर म्हणतो की मला लाकूड दिसत नाही, ओलं आहे की कोरडं सांगता येत नाही, तेव्हा तज्ज्ञाचा रिपोर्ट येईपर्यंत मी आकडा देत नाही. त्याच्या जागी ते बरोबरच आहे, कारण लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या वर राहायला लागला की कुजायचा धोका सुरू होतो आणि ते मीटर टोचल्याशिवाय कळत नाही, फोममधून टोचणार कुठे. उद्या छप्पर बसलं तर दावा त्याच्यावर येणार. पण खरा प्रश्न पुढे आहे, लेंडर त्या शून्याचं काय करतो. काही जण रिपोर्ट मागवून केस बघतात. काहींची मात्र पॉलिसीच अशी की फोम म्हटलं की नाही, ओपन की क्लोज्ड, कागद आहेत की नाहीत, काही विचारायचंच नाही. आणि यात एक चक्र तयार होतं: एक लेंडर नाही म्हणतो कारण उद्या घर जप्त करून विकायची वेळ आली तर खरेदीदाराला दुसर्‍या लेंडरकडून लोन मिळणार नाही, दुसराही याच कारणाने नाही म्हणतो, आणि शेवटी घराची किंमत खरंच पडते कारण रोख पैसेवालाच गिर्‍हाईक उरतो आणि तो घासाघीस करतो. छपराची खरी अवस्था काय आहे हा मुद्दा या सगळ्यात कुठेच येत नाही. ज्याने नीट काम करून घेतलं, हिशोब केला, फोटो ठेवले, त्यालाही तीच वागणूक, आणि हे मला अन्यायाचं वाटतं.

सगळ्यात कडक इक्विटी रिलीजवाले. ५५ च्या पुढच्यांना घरावर मिळणारं हे कर्ज हप्त्याने सहसा फेडायचं नसतं, माणूस गेल्यावर किंवा केअर होममध्ये गेल्यावर घर विकून वसूल होतं, त्यामुळे त्यांचा सगळा भरवसा वीस-तीस वर्षांनंतरच्या छपरावर. म्हणजे ज्या वयाच्या लोकांना फोम सगळ्यात जास्त विकला गेला, त्यांच्याच म्हातारपणीच्या पैशाचा रस्ता बंद झाला.

सर्टिफिकेटचाही असाच घोळ. लोक कपाटातून सर्टिफिकेट काढून दाखवतात, पण ते असतं त्या मालाचं, ठरलेल्या पद्धतीने आणि ठरलेल्या प्रकारच्या छपरात वापरला तर तो काम करतो एवढं सांगणारं, तुमच्या छपरात तो तसाच मारला याचा तो पुरावा होत नाही. पंचवीस वर्षांची गॅरंटी देणार्‍या कितीतरी कंपन्या तर आता अस्तित्वातच नाहीत.

स्कॉटलंडमध्ये डिसेंबर २००८ पासून विक्रेत्यालाच घर बाजारात आणताना सर्व्हेसकट होम रिपोर्ट द्यावा लागतो, त्यामुळे फोमची गोष्ट तिथे पहिल्याच दिवशी उघड होते. इंग्लंड-वेल्समध्ये ती कळते तोपर्यंत वकिलाची फी, सर्व्हेची फी, पुढच्या घराचा ठरलेला व्यवहार, सगळं लागलेलं असतं.

२०२३ मध्ये फोमवाले आणि ओलावा-कूज बघणारे तज्ज्ञ यांच्या संघटनांनी मिळून तपासणीची एक ठरलेली पद्धत काढली: फोम कुठला, किती जाड, फेल्ट कुठलं, ठिकठिकाणी फोम कापून लाकडाची मोजणी, आणि ओलाव्याचा हिशोब, ज्यासाठी २०२१ ला सुधारलेलं ५२५० नंबरचं ब्रिटिश स्टँडर्ड होतंच. त्याच वर्षी सर्व्हेयर लोकांच्या संस्थेने घरमालकांसाठी माहितीपत्रकही काढलं. चांगलं पाऊल, पण रिपोर्ट चांगला आला तरी लोन द्यायलाच पाहिजे असं लेंडरवर कुठलंच बंधन नाही. २०२४ मध्ये बातम्या आल्या तेव्हा आकडा अडीच लाखांहून जास्त घरांचा सांगितला गेला, आणि मोठ्या लेंडर्सपैकी साधारण पाव फोमवाल्या छपराला लोन देतच नाहीत असं समोर आलं. त्या बातम्यांनी घरमालकांची बाजू मांडली, पण बाजारात भीतीही वाढली.

त्या भीतीवर आता नवा धंदा उभा राहिलाय, फोम काढून देण्याचा. खर्च हजारो पाउंडांत जातो, आणि फोन करणार्‍यांत काही जण पूर्वी फोम विकणारेच आहेत. ओपन-सेल खरवडून निघतो, तरी फेल्ट फाटायची शक्यता असते, क्लोज्ड-सेल असेल तर बरेचदा स्लेट-कौलांसकट छप्परच नवीन करावं लागतं. ज्याला पुढची दहा वर्षं घर विकायचं नाही, लोनही घ्यायचं नाही, त्याने असल्या फोनवर काढायची घाई करू नये, आधी फोमच्या किंवा काढायच्या धंद्यात नसलेल्या सर्व्हेयरकडून मोजणी करून घ्यावी. आणि काढलाच तर रिकामे वासे, फेल्ट आणि वळचणीच्या फटी यांचे तारखेसकट फोटो आणि नंतरचा सर्व्हे जपून ठेवावा, कारण पूर्वी इथे फोम होता का हा प्रश्न खरेदीदाराचा वकील आता विचारतोच.