कष्टकरी गाढवं: ओझ्यापासून कातड्यापर्यंत

फेब्रुवारी २०२४ मध्ये अदिस अबाबा इथल्या आफ्रिकी संघाच्या परिषदेत, कातड्यासाठी होणाऱ्या गाढवांच्या कत्तलीवर खंडभर बंदी घालायचं ठरलं. मुदत १५ वर्षांची. राष्ट्रप्रमुखांना गाढवाची दखल घ्यावी लागली, त्यामागे मोठा इतिहास आहे.

गाढव मूळचं आफ्रिकेचंच. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार पूर्व आफ्रिकेत सुमारे ७,००० वर्षांपूर्वी ते माणसाळलं आणि तिथून जगभर गेलं. इजिप्तमध्ये अबिडोस इथे एका आद्य राजाच्या थडग्याजवळ पुरलेली दहा गाढवं सापडली, सुमारे ५,००० वर्षांपूर्वीची. बांधा अजून रानगाढवाचाच, पण मणक्यांवर आणि सांध्यांवर ओझ्यानं झालेली झीज दिसते. राजाशेजारी मानानं पुरलेल्या जनावरांनीही जन्मभर ओझीच वाहिली होती.

पुढे इसवी सनापूर्वी १९०० च्या सुमारास आजच्या इराकमधल्या अश्शूर शहराचे व्यापारी गाढवांचे तांडे घेऊन आजच्या तुर्कस्तानातल्या कानेशला जात. वाट सुमारे हजार किलोमीटरची. तिथे सापडलेल्या हजारो मातीच्या पाट्यांवर हे सारे हिशेब आहेत. गाढवाच्या दोन्ही अंगांना तीस-तीस किलोच्या आसपास कथील आणि वर कापडाचे गठ्ठे. पोहोचल्यावर बहुतेक गाढवंही विकून टाकत, कारण परतीला न्यायचं असे सोनं-चांदी, आणि त्याला एवढ्या पाठी लागत नसत.

घोडा राजांकडे गेला, गाढव गरिबाकडे राहिलं. वाळका चारा त्याला पुरतो, पाण्याची टंचाई ते सोसतं, गाडी जात नाही त्या वाटेनं ते जातं. आज जगात पाच कोटींच्या आसपास गाढवं आहेत. पाणी, सरपण, विटा, बाजारचा माल असं सगळं त्यांच्या पाठीवर येतं. तरी पशुधनाच्या योजना दूध, मांस आणि लोकर यांभोवतीच फिरल्या. वाहून आणलेल्या पाण्याची किंमत कुणी धरली नाही. मला हा निव्वळ अन्याय वाटतो. गाढव गेलं की ते ओझं बहुतेक वेळा घरातल्या बाईच्या डोक्यावर येतं आणि मुलीची शाळा बुडते.

ही किंमत कळली ती कातड्याचा भाव वाढल्यावर. चीनमध्ये गाढवाचं कातडं उकळून ‘एजियाओ’ नावाचा औषधी सरस करतात. प्रथा जुनीच, पण लोकांच्या हाती पैसा आला तशी मागणी फुगली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे १ कोटीहून जास्त गाढवं होती, ती २० लाखांच्याही खाली आली. मग व्यापारी आफ्रिकेकडे वळले. केनियात २०१६ पासून परवानाधारक कत्तलखाने सुरू झाले आणि गावोगावी गाढवं चोरीला जाऊ लागली. रात्रीत दावणीचं जनावर गेलं की दुसऱ्या दिवशीची कमाईच बंद. नवं घ्यायचं तर भाव आवाक्याबाहेर गेलेला.

बंदी देशोदेशी नीट अमलात आली तरी कळप लगेच भरून येणार नाहीत. गाढवी साधारण वर्षभर गाभण असते, एका वेळी बहुधा एकच शिंगरू देते आणि त्याला पुरतं ओझं पेलायला आणखी तीन-चार वर्षं लागतात.