जुन्या काऊबॉय हॅटचा संग्रह

अमेरिकेच्या पश्चिम भागातील गुराखी, पशुपालक आणि घोडेस्वार वापरत आलेल्या रुंद काठाच्या जुन्या हॅट मिळवणे, त्यांचा काळ ओळखणे आणि त्या जपणे, असा हा छंद. संग्राहकांची खरी ओढ असते ती बीव्हर (पाण्याकाठी राहणारा एक केसाळ प्राणी) किंवा सशाच्या फरपासून केलेल्या फेल्टच्या, म्हणजे तंतू न विणता दाबून घट्ट केलेल्या जाड कापडाच्या, हॅटकडे. लोकरीच्या फेल्टला त्यांच्या लेखी फारसे मोल नाही.

या हॅटचा विषय जॉन बी. स्टेटसन (१८३०–१९०६) यांच्यापासून सुरू होतो. न्यू जर्सीत टोपी करणाऱ्याच्या घरी जन्मलेले स्टेटसन प्रकृतीसाठी पश्चिमेकडे गेले आणि परतल्यावर १८६५ मध्ये त्यांनी फिलाडेल्फियात व्यवसाय उभारला. त्यांच्या ‘बॉस ऑफ द प्लेन्स’ या हॅटचा माथा गोल, काठ सपाट आणि चेप, म्हणजे दाबून पाडलेला खळगा, कुठेही नाही. माथ्याला चेप दिले ते वापरणाऱ्यांनी, आपापल्या सवयीने आणि आपापल्या प्रांताच्या रीतीने. कारखाने चेप घालूनच हॅट विकू लागले ते पुढे. म्हणूनच जुन्या हॅटचा बाक ही बहुधा तिच्या मालकाचीच कारागिरी असते.

जाणकार हॅट हातात घेतो तो आधी उलटी करून. आतल्या चामडी घामपट्टीवर कंपनीचे नाव आणि पुष्कळदा विकणाऱ्या दुकानाचे व गावाचे नाव सोनेरी ठशात असते. पट्टी हळूच उचलली की मागे मापाची चिठ्ठी सापडते, आणि काळ ठरवायला तिचा मोठा आधार होतो. स्टेटसनच्या अस्तरावर हॅटमधून घोड्याला पाणी पाजणाऱ्या गुराख्याचे, लॉन मेगार्गी यांनी काढलेले चित्र प्रसिद्ध आहे. पण अस्तर बदलता येते, त्यामुळे केवळ त्यावर विसंबू नये. ‘३एक्स’, ‘५एक्स’ या खुणांचेही तसेच. फेल्टची प्रत सांगणाऱ्या या खुणांना सर्व कंपन्यांना बांधणारे एकच प्रमाण नाही आणि काळागणिक त्यांचा अर्थ पातळ होत गेला. जुन्या ३एक्सचे फेल्ट आजच्या कितीतरी वरच्या आकड्यापेक्षा सरस वाटते, हा संग्राहकांचा नेहमीचा अनुभव. तेव्हा आकड्याआधी बोटांना विचारावे. स्टेटसनखेरीज १९२७ मध्ये टेक्ससमध्ये सुरू झालेल्या रेझिस्टॉलच्या हॅटही आवडीने जमवल्या जातात.

एक गोष्ट मात्र कधीही विसरू नये. फरचे फेल्ट नीट जमावे म्हणून पूर्वी पाऱ्याचे नायट्रेट वापरत. कनेटिकटमधील डॅनबरी या टोप्यांच्या गावात कामगारांच्या हातापायांना सुटणाऱ्या कंपाला ‘डॅनबरी शेक्स’ असेच नाव पडले होते. अमेरिकेत हा वापर १९४१ मध्ये बंद झाला. त्याआधीच्या फेल्टमध्ये पाऱ्याचा अंश उरलेला असू शकतो, म्हणून अशी हॅट हाताळताना हातमोजे घालावेत, तिला वाफ देऊ नये आणि ती मुलांच्या डोक्यावर ठेवू नये.

जपणुकीतला मोठा शत्रू म्हणजे कसर. फेल्टला कसर लागली की पडलेले भोक बुजत नाही. उन्हाने रंग उडतो, तर उष्णतेने चामडी पट्टी आक्रसून हॅटचा घेर बिघडतो. काठाचा बाक टिकावा म्हणून हॅट माथ्यावर उलटी ठेवतात आणि मऊ ब्रशने धूळ झाडतात. दुकानात नव्यासारखी करून दिलेली हॅट दिसायला देखणी असते, पण पट्टी, फीत आणि चेप बदलून टाकल्यावर तिच्या मालकाचे काहीच उरत नाही. फितीवर उमटलेला घामाचा डाग शक्यतो तसाच राहू द्यावा.