रात्री मोजायच्या कोणी?

लोकांची घरे पाहुण्यांना थोड्या दिवसांसाठी भाड्याने मिळवून देणारे संकेतस्थळ चालवणारी एअरबीएनबी ही कंपनी सुरू झाली 2008 साली, सॅन फ्रान्सिस्कोत. पण पाहुण्यांना चार दिवस घर भाड्याने देण्यावरचे निर्बंध त्याहून बरेच जुने आहेत. लंडनमध्ये 1973 च्या कायद्यानुसार राहते घर सलग 90 रात्रींपेक्षा कमी मुदतीसाठी द्यायचे तर नियोजन खात्याची परवानगी लागे. घरे आधीच कमी, त्यात त्यांची हॉटेले झाली तर लंडनकराने राहायचे कुठे, ही चिंता तेव्हाचीच. 2015 मध्ये हा नियम सैल झाला : वर्षाला एकूण 90 रात्रींपर्यंत परवानगी नको.

ऐकायला सोपे. पण या रात्री मोजायच्या कोणी? पालिकेचा माणूस दारोदार जाऊन पाहुण्यांच्या बॅगा थोडाच मोजणार! हिशेब होता फक्त संकेतस्थळांकडे. 2017 पासून एअरबीएनबीने लंडनपुरती ही मर्यादा स्वतःच लावली, पण तेच घर दुसऱ्या संकेतस्थळावर टाकायला मालक मोकळाच होता.

कराच्या बाबतीत मात्र कंपनीने फार ताणले नाही. सॅन फ्रान्सिस्कोत ऑक्टोबर 2014 पासून ती पाहुण्यांकडून 14 टक्के हॉटेल कर गोळा करून शहराला देऊ लागली. कर भरणारा धंदा बेकायदा ठरवणे अवघड जाते, हे तिला कळत नसेल असे नाही. त्याच महिन्यात शहराने नोंदणीच्या अटीवर अशा भाड्याला कायदेशीर मान्यताही दिली.

न्यूयॉर्कचे उदाहरण उलट. इमारतीतला अख्खा फ्लॅट 30 दिवसांपेक्षा कमी काळासाठी देण्यावर राज्याने 2010 मध्येच बंदी घातली होती, पण ती बरीच वर्षे कागदावरच राहिली. सप्टेंबर 2023 मध्ये शहराने नवा नियम लागू केला : नोंदणी नसलेल्या घराचा व्यवहार संकेतस्थळाने करायचाच नाही. त्याबरोबर हजारो घरे यादीतून गेली. यजमान स्वतः घरात हवा आणि पाहुणे जास्तीत जास्त दोन, एवढीच वाट उरली.

युरोपात भांडण न्यायालयात गेले. एअरबीएनबी ही माहिती-सेवा आहे, इस्टेट एजंट नव्हे, असे युरोपीय न्यायालयाने 2019 मध्ये म्हटले, कंपनी खूश. पुढच्याच वर्षी पॅरिसच्या खटल्यात त्याच न्यायालयाने घरांची टंचाई हे परवाना मागण्याचे रास्त कारण मानले, शहरे खूश. बार्सिलोना तर 2028 च्या नोव्हेंबरपर्यंत पर्यटक-फ्लॅटचे सगळे 10,101 परवाने संपवायला निघाले आहे. आकडेवारीचा तिढा सोडवायला युरोपीय संघाने 2024 मध्ये नियम केला. तो लागू होण्याची तारीख 20 मे 2026. नोंदणी क्रमांक आणि किती रात्री पाहुणे होते याची माहिती संकेतस्थळांनीच सरकारला द्यायची.

आपल्याकडे गोव्यात पर्यटन व्यवसाय नोंदणीचा कायदा 1982 पासून आहे. करात मात्र गंमत आहे. ज्याची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत आहे, त्या मालकाला जीएसटी नोंदणी लागत नाही. पण खोली संकेतस्थळावरून गेली तर तो कर संकेतस्थळाने भरायचा. कोकणात ‘घरगुती राहण्या-जेवणाची सोय’ अशी पाटी वाचून थेट फोन केलात, तर त्याच खोलीवर जीएसटी नाही.