पदवीविना वकिली: उमेदवारीची जुनी वाट

चाळिशीत नोकरी सोडून वकिलीकडे वळू पाहणाऱ्याला पहिली धास्ती असते ती पुन्हा कॉलेजात बसण्याची. पण कायद्याची पदवी ही अट या पेशात बरीच उशिरा आली.

ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये शतकानुशतकं शिकवत ते रोमन आणि चर्चचे कायदे. इंग्लंडच्या कोर्टात रोज लागणारा कॉमन लॉ, म्हणजे न्यायाधीशांच्या निकालांतून घडलेला कायदा, ऑक्सफर्डमध्ये शिरला तो १७५० च्या दशकात, कायदेपंडित ब्लॅकस्टोन यांच्या व्याख्यानांमुळे. तोवर तो लंडनच्या 'इन्स ऑफ कोर्ट' या बॅरिस्टरांच्या संस्थांमध्ये शिकावा लागे, नाहीतर कुणाच्या तरी हाताखाली. गांधीजी १८९१ मध्ये बॅरिस्टर (कोर्टात युक्तिवाद करणारे वकील) झाले तेही विद्यापीठाच्या पदवीशिवाय. इनर टेंपल या त्यातल्याच एका संस्थेच्या टर्म भरायच्या, म्हणजे दर टर्मला ठरावीक वेळा तिथे जेवायला हजर राहायचं, आणि परीक्षा द्यायच्या.

सॉलिसिटर, म्हणजे अशिलाला सल्ला देणारा आणि कागदपत्रं करणारा वकील, व्हायला लेखी करारावर काही वर्षांची उमेदवारी, म्हणजे हाताखाली काम करत शिकणं, लागे. त्यासाठी स्टँप ड्यूटी भरायची, वर शिकवणाऱ्याला घसघशीत रक्कम मोजायची. पदवी नको होती, पण पैसा हवा होता. तो नसलेले आयुष्यभर कारकून राहत. त्यातले मुरलेले 'मॅनेजिंग क्लार्क' फाइली स्वतः चालवत, सही मात्र साहेबाची! त्यांनी १८९२ मध्ये संघटना काढली, तिच्यातून १९६३ मध्ये लीगल एक्झिक्युटिव्हांची, म्हणजे काम करता करता परीक्षा देऊन पात्र ठरणाऱ्या कायदे-व्यावसायिकांची, संस्था उभी राहिली आणि २०१२ मध्ये तिला शाही सनद मिळाली. पदवी नसलेल्यांसाठी इंग्लंडमधली ही आजही सर्वांत रुळलेली वाट.

अमेरिकेत पदवीविना वकील झालेल्यांत लिंकन यांचं नाव सगळे घेतात. मला जेम्स बर्न्स जास्त बोलके वाटतात. चौदाव्या वर्षी शाळा सुटली, कोर्टात स्टेनोग्राफर म्हणून लागले, इतरांचे युक्तिवाद टिपता टिपता कायदा वाचला, १९०३ मध्ये सनद घेतली आणि १९४१ मध्ये थेट सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश झाले. पुढे असं घडणं अवघड झालं. १९२१ पासून अमेरिकन बार असोसिएशनने कॉलेज आणि लॉ स्कूलचा आग्रह धरला. दर्जाची काळजी खरीच होती. स्थलांतरितांची गरीब मुलं पेशात नकोत, हा हिशेबही होता. आता कॅलिफोर्निया, व्हर्जिनिया, व्हरमाँट, वॉशिंग्टन अशा मोजक्या राज्यांत वकिलाच्या हाताखाली शिकून परीक्षेला बसता येतं. कॅलिफोर्नियात त्यासाठी चार वर्षं, आठवड्याला १८ तास द्यावे लागतात आणि मध्येच 'बेबी बार' या परीक्षेची चाळणी लागते. टीव्हीवरची तारका किम कार्दाशियन ती २०२१ मध्ये चौथ्या प्रयत्नात पार झाली.

भारतात १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टनंतर नव्याने येणाऱ्यांना पदवीवाचून गत्यंतर उरलं नाही.

इंग्लंडमध्ये गेल्या दशकात उमेदवारी नव्या रूपात परतली. साधारण सहा वर्षं पगारी काम करायचं आणि शेवटी बाकीच्यांना असते तीच सॉलिसिटरची परीक्षा द्यायची. पण जानेवारी २०२६ पासून या (पदव्युत्तर) पातळीच्या उमेदवारीचा सरकारी निधी मुख्यतः २१ वर्षांपर्यंतच्यांनाच मिळतो. त्याहून मोठ्या वयाच्यांना खर्च उचलणारी फर्म गाठावी लागते, नाहीतर लीगल एक्झिक्युटिव्हची वाट धरावी लागते.