डिजिटल रेडिओ रिसीव्हरमधील समकालन

आलेल्या सिग्नलमधून बिट वाचता यावेत म्हणून रिसीव्हरने आपले घड्याळ आणि आपली वाहक वारंवारता (माहिती वाहून नेणाऱ्या लहरीची वारंवारता) प्रेषकाशी जुळवून घेण्याची क्रिया. घड्याळ आणि वारंवारता ज्यांवरून ठरतात, ते दोन्ही टोकांचे स्फटिक आंदोलक वेगळे असतात. त्यांच्यावर आकडा एकच छापलेला असला, तरी तापमान, वय आणि घडण यांमुळे ते तंतोतंत सारखे चालत नाहीत. एखादे टोक हलते असेल तर हालचालीमुळे वारंवारता बदलण्याच्या डॉप्लर परिणामाची भर पडते.

वेळ चुकली की नमुना (सिग्नलचे त्या क्षणी मोजलेले मूल्य) सिंबलच्या, म्हणजे एक किंवा काही बिट वाहणाऱ्या तुकड्याच्या, कडेला पडतो आणि शेजारचा सिंबल त्यात मिसळतो. वारंवारता चुकली की फेज, म्हणजे लहरीची तिच्या चक्रातली जागा, सतत फिरत राहते. चार वेगवेगळ्या फेजांनी बिट पाठवणाऱ्या क्यूपीएसके पद्धतीत ती 45 अंशांपलीकडे गेली की निर्णय चुकलाच.

एकाच वाहकाच्या पद्धतींत फेज पकडण्यासाठी अभियंते जॉन कॉस्टास यांनी 1956 मध्ये मांडलेला लूप (चूक मोजून ती सतत दुरुस्त करणारे मंडल) आजही वापरात आहे. फ्लॉइड गार्डनर यांच्या 1986 च्या वेळ-शोधकाला दर सिंबलमागे दोनच नमुने पुरतात आणि फेज जुळलेली नसली तरी त्याचे अडत नाही. त्यामुळे आधी वेळ, मग फेज असा क्रम लावता येतो. एरवी दोन्ही प्रश्न एकमेकांत अडकून बसले असते.

शेजारशेजारच्या अनेक वाहकांवर (उपवाहकांवर) एकाच वेळी माहिती पाठवणाऱ्या ओएफडीएम पद्धतीत वेळ आणि वारंवारता ही दोन्ही उत्तरे एकाच हिशेबातून निघतात. प्रेषक सुरुवातीला ठरलेला तुकडा पुन्हा पुन्हा पाठवतो. रिसीव्हर लागोपाठच्या प्रती ताडून पाहतो: साम्य वाढले की संदेश सुरू झाल्याचे कळते आणि दोन प्रतींमधल्या फेजच्या फरकावरून वारंवारतेची चूक मिळते. 20 मेगाहर्ट्झच्या वाय-फायमध्ये आधी 0.8 मायक्रोसेकंदांचे दहा तुकडे येतात, मग 3.2 मायक्रोसेकंदांचे दोन. आंदोलकाला दहा लाखांत 20 इतकी चूक माफ असते, म्हणजे 5.8 गिगाहर्ट्झवर दोन्ही टोके उलट दिशांना सरकली तर फरक 232 किलोहर्ट्झ होतो. लांब तुकड्याचे माप अचूक खरे, पण 156.25 किलोहर्ट्झपुढे फेज अर्ध्या फेऱ्याहून जास्त फिरते आणि उत्तर फसते. आखूड तुकडा 625 किलोहर्ट्झपर्यंत निभावतो. म्हणून आधी ढोबळ, मग बारीक.

सिंबलची सुरुवात ठरवताना थोडे अलीकडे चुकणे परवडते, कारण दोन सिंबलांच्या मधला राखीव काळ ते सावरून घेतो. पलीकडे चुकले तर पुढचा सिंबल आत शिरतो. अनुभवी अभियंते म्हणूनच मुद्दाम किंचित अलीकडची जागा निवडतात. एवढे करूनही थोडी चूक उरतेच आणि ती साचत जाते. संदेश संपेपर्यंत तिच्यावर लक्ष ठेवण्यासाठी वाय-फायच्या मूळ ओएफडीएम रचनेत 52 पैकी 4 उपवाहक राखून ठेवलेले असतात.